खेळाडूचे मन आणि आभासी वास्तवाचा चष्मा

घरातले मूल रोज मैदानावर जाऊ लागले की घरचे लोक त्याच्या शरीराची काळजी घेतात. भिजवलेले हरभरे, अंडी, शेंगदाणे यांची सोय होते. बूट फाटले तर काटकसर करून नवे आणले जातात. पाय मुरगळला तर पट्टी बांधली जाते. पण सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही, हरल्यावर ते चार दिवस कुणाशी बोलत नाही, किंवा दुखापत बरी होऊनही पाय टाकायला घाबरते, तेव्हा आपण एवढेच म्हणतो, "मन घट्ट कर." मन घट्ट कसे करायचे, हे मात्र त्याला कुणी शिकवत नाही.

जगातील मोठ्या संघांनी आता हे शिकवण्याची साधने शोधली आहेत. त्यातले एक साधन म्हणजे आभासी वास्तवाचा चष्मा. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर म्हणतात. मोबाईलवरच्या जाहिरातींत तो चष्मा आपल्या मुलांनी पाहिलेला असतो आणि बहुतेकांना तो खेळण्याचा प्रकार वाटतो. तो खेळाडूच्या मनासाठी कसा वापरतात, त्याने काय साधते, काय साधत नाही, आणि तो परवडत नसेल तर तेच काम आपल्या घरी कसे करता येईल, हे आम्ही या पाठात क्रमाने सांगणार आहोत.

मन हा शरीराचाच भाग

प्रथम एक गैरसमज दूर करू. मनाचा त्रास होणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स ही जगातील सर्वांत यशस्वी जिम्नॅस्टपैकी एक. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीत उडी मारताना तिला हवेतच आपल्या शरीराचे भान राहीना. किती गिरक्या झाल्या, जमीन कुठे आहे, हे कळेना. अशा अवस्थेत पुढची उडी मारली असती तर मान मोडण्याचा धोका होता. तिने स्पर्धेतून माघार घेतली आणि कारणही उघडपणे सांगितले. काहींनी तिच्यावर टीका केली. तिने मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली, वेळ घेतला आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ३ सुवर्ण व १ रौप्य पदक मिळवले. थांबणे हा तिचा पराभव नव्हता, उपचाराची ती सुरुवात होती.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०१९ साली तज्ज्ञांचे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा, की खेळाडूचे मानसिक आरोग्य त्याच्या शारीरिक आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही. झोप, चिंता, उदासी, खाण्याच्या तक्रारी, व्यसन, दुखापतीनंतरचे मन या सर्वांकडे गुडघ्याच्या दुखण्याइतकेच लक्ष द्यायला हवे. हा विचार पटला तरच पुढचे यंत्र कशासाठी आहे ते समजेल.

चष्मा काम कसा करतो

आपल्या दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रे दिसतात. मेंदू ती जुळवतो आणि वस्तू जवळ आहे की दूर, हे ओळखतो. व्हीआर चष्म्यात प्रत्येक डोळ्यासमोर एक भिंग आणि त्यामागे छोटा पडदा असतो. दोन्ही पडद्यांवर किंचित वेगळे चित्र दाखवले जाते, म्हणून ते सपाट न दिसता खोल दिसते. चष्म्यातील संवेदक डोके कोणत्या बाजूला वळले ते ओळखतात आणि चित्र त्याच वेळी त्या बाजूला सरकते. डावीकडे पाहिले की मैदानाची डावी बाजू, मागे वळले की मागचे प्रेक्षक. कानावर आवाजही त्या त्या दिशेने येतो. बाहेरचे काहीच दिसत नसल्याने मेंदू थोड्याच वेळात आपण तिथेच आहोत असे मानू लागतो. उंच इमारतीची कड दाखवली तर खोलीतल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचेही पाय लटपटतात. बुद्धीला खरे काय ते ठाऊक असते, तरी छातीचे ठोके वाढतात.

ही कल्पना आजची नाही. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संगणकशास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचे असे यंत्र तयार केले होते. ते इतके जड होते, की छताला टांगावे लागे. पुढे संगणक लहान आणि स्वस्त होत गेले आणि आज तेच काम डोक्यावर पट्ट्याने बांधता येणाऱ्या चष्म्यात होते.

यात दोन प्रकारची दृश्ये असतात. एक, चारही बाजूंनी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले खरे मैदान. दुसरे, संगणकाने रेखाटलेले मैदान, ज्यात खेळाडू हात हलवून चेंडू अडवू शकतो किंवा बॅट फिरवू शकतो. पहिल्यात फक्त पाहता येते, दुसऱ्यात काही करताही येते.

शरीर न झिजवता सराव

खेळात याचा पद्धतशीर वापर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून पुढे आला. तिथे जेरेमी बेलेन्सन हे प्राध्यापक आभासी वास्तव आणि माणसाचे वर्तन यांचा अभ्यास करतात. त्यांचा विद्यार्थी डेरेक बेल्च हा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी खेळाडू होता. अमेरिकन फुटबॉल म्हणजे धडकांचा खेळ. खेळाडू एकमेकांवर आदळतात, डोक्याला मार बसतो, म्हणून सरावातही धडका मोजूनमापून घ्याव्या लागतात. पण सराव कमी झाला तर समोरचा संघ कशी चाल करतो आहे हे क्षणात ओळखण्याची सवय कशी लागणार? बेल्चने मैदानात खेळाडूच्या जागी चारही बाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा ठेवून सराव टिपला. नंतर खेळाडू खोलीत बसून चष्म्यातून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहू लागला. कोण कुठे उभा आहे, कोण पुढे येतो आहे, चेंडू कुणाला द्यायचा, हे ठरवण्याचा सराव झाला आणि एकही धडक बसली नाही. २०१५ साली याच कामातून स्ट्रायव्हर नावाची कंपनी निघाली आणि डॅलस काउबॉइजसारखे व्यावसायिक संघ ही पद्धत वापरू लागले.

दुसरे उदाहरण बर्फाचे. २०१८ साली दक्षिण कोरियात प्योंगचांग येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. स्कीवरून डोंगर उतरणाऱ्या खेळाडूला वळण कुठे, उतार किती, उडी कुठे, हे तोंडपाठ असावे लागते, कारण मोटारीच्या वेगाने खाली जाताना विचार करायला वेळ नसतो. पण ऑलिंपिकच्या उतारावर रोज सराव करायला मिळत नाही. अमेरिकेच्या संघाने तो उतार आधीच कॅमेऱ्यात टिपून ठेवला. खेळाडू आपल्या देशात बसून चष्म्यातून तो उतार पुन्हा पुन्हा उतरले. अनोळखी जागेची भीती अशा प्रकारे आधीच कमी करता येते.

इथे आरोग्याचा मुद्दा लक्षात घ्यावा. जास्त सराव म्हणजे जास्त प्रगती असे समजून अनेक मुले शरीर झिजवतात. थकलेल्या शरीराला दुखापत लवकर होते. काही सराव मनाने करता आला तर शरीराला विश्रांती मिळते.

दडपणाची सवय

मैदानावर उत्तम खेळणारी मुलगी मोठ्या स्पर्धेत अचानक चुकते. कौशल्य तेच असते, पण गर्दी, शिट्ट्या, पंच, प्रकाश, निवड समिती हे सारे नवे असते. शरीर घाबरते, श्वास वर वर चालतो, स्नायू आखडतात. दडपणावर उपाय म्हणजे त्या परिस्थितीची थोडी थोडी सवय करणे.

वैद्यकशास्त्रात ही पद्धत जुनी आहे. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवर व्हीआरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना चष्म्यातून पूल, गच्ची आणि काचेची लिफ्ट दाखवली. सुरुवात कमी उंचीपासून करून, भीती ओसरली की पुढची पायरी घेतली. काही आठवड्यांत त्यांची भीती कमी झाली. खेळाडूसाठी हेच तत्त्व वापरतात. आधी रिकामे मैदान, मग थोडे प्रेक्षक, मग आरडाओरडा, मग शेवटच्या मिनिटाचा प्रसंग. प्रत्येक पायरीवर खेळाडू श्वास सावकाश करायला शिकतो. पायरी चढण्याची घाई केली तर भीती उलट वाढते, म्हणून सोबत जाणकार माणूस असावा लागतो.

हे तत्त्व चष्म्याशिवायही चालते. त्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे स्पर्धेसारखी जागा उभारली आणि तिथे सराव केला. मोठ्या सभागृहात उभे राहिल्यावर बुजल्यासारखे होऊ नये, हा हेतू. त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताला वैयक्तिक खेळातले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचे. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रोज झोपण्यापूर्वी शर्यत मनात पाहायला लावत. त्यात सर्व काही नीट घडलेलेच नव्हे, तर बिघडलेलेही पाहायचे. २००८ सालीच २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरले. पुढे त्याला भिंत दिसेना. त्याने हाताचे फटके मोजत पोहणे पूर्ण केले आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. त्याच्याकडे तेव्हा चष्म्याचे यंत्र नव्हते, मनातला सराव होता. हाच फेल्प्स पुढे आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. म्हणजे मन तयार करणे आणि मनाचा त्रास सांगणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

दुखापतीच्या काळात

दुखापत झालेल्या खेळाडूचे दोन त्रास असतात. एक वेदना आणि दुसरा एकटेपणा. मैत्रिणी मैदानात असतात आणि ही घरी खाटेवर असते. आपले स्थान गेले, असे तिला वाटू लागते.

वेदनेबाबत व्हीआरचा अभ्यास बराच झाला आहे. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ दरीचे आभासी जग तयार केले. जखमेची पट्टी बदलताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकत असे. मेंदूचे लक्ष दुसरीकडे गेल्याने वेदना कमी जाणवे. औषध बंद होत नसे, पण त्याला जोड मिळे. २०२१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरी वापरायच्या एका व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली. त्यात श्वास, शिथिलीकरण आणि वेदनेकडे पाहण्याची दृष्टी शिकवली जाते.

खेळाडूच्या पुनर्वसनात याचा उपयोग तीन प्रकारे होतो. कंटाळवाणा व्यायाम खेळासारखा वाटतो, म्हणून तो नियमित होतो. पायावर भार न देताही चाली पाहून निर्णयाचा सराव चालू राहतो. आणि मैदानात परतण्यापूर्वी जिथे लागले होते त्या प्रसंगाची भीती हळूहळू कमी करता येते. मात्र एक धोका आहे. वेदना जाणवत नाही म्हणून सांधा बरा झाला असे नव्हे. किती भार द्यायचा हे फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरच ठरवतील.

खेळापलीकडचा माणूस

खेळाडूची कारकीर्द थोड्या वर्षांची असते. पंचविशी-तिशीनंतर बोलणे, मुलाखत देणे, नोकरी करणे, संघ चालवणे हेच कामाला येते. म्हणून व्यक्तिमत्त्व विकास हा खेळाडूच्या आरोग्याचाच भाग मानला जातो. व्हीआरमध्ये आभासी श्रोत्यांसमोर भाषण करण्याचा, मुलाखतीला उत्तरे देण्याचा सराव करता येतो. चुकले तरी कुणी हसत नाही, पुन्हा करता येते. फुटबॉलसाठी निघालेली स्ट्रायव्हरची पद्धत २०१७ पासून वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीने आपल्या कामगारांना शिकवण्यासाठी घेतली. सणाच्या गर्दीत गिऱ्हाइकांशी कसे वागायचे, याचा सराव कामगार चष्म्यातून करू लागले. मैदानावर शिकलेला संयम कामाच्या ठिकाणीही लागतो, हे त्यातून दिसते.

काही संघ चष्म्याचा उपयोग निव्वळ विश्रांतीसाठी करतात. समुद्रकिनारा किंवा जंगल दाखवून सोबत श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. यातले मुख्य काम श्वासाचे आहे, दृश्य केवळ मदतीला असते. आपल्यापैकी अनेक घरांना आनापान ठाऊक आहे. येणारा-जाणारा श्वास शांतपणे पाहणे, ही गोष्ट शिकण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

मर्यादा आणि धोके

आता दुसरी बाजू. चष्मा घेण्यापूर्वी किंवा कुणी वापरायला दिल्यावर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. शरीराची तयारी यातून होत नाही. चेंडूचे वजन, प्रतिस्पर्ध्याचा रेटा, मातीचा निसरडेपणा चष्म्यात नसतो. निर्णय घेणे आणि परिस्थिती ओळखणे यांचा सराव त्यात चांगला होतो. दम आणि ताकद मैदानातच येते. कबड्डी किंवा कुस्तीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात ही मर्यादा अधिक जाणवते.

२. मळमळ आणि चक्कर येऊ शकते. डोळे सांगतात की आपण पळतो आहोत, पण कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण स्थिर आहोत. या गोंधळाने पोट ढवळते. सुरुवातीला खुर्चीवर बसून ५ ते १० मिनिटेच वापरावे आणि त्रास झाला की लगेच काढावे. लगोलग सायकल किंवा दुचाकी चालवू नये.

३. फिट येणाऱ्यांनी आणि डोक्याला नुकताच मार बसलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये.

४. लहान मुलांना देऊ नये. सोनी कंपनी आपला चष्मा १२ वर्षांखालील मुलांसाठी नाही असे सांगते. मेटा कंपनीने आधी १३ वर्षांची मर्यादा ठेवली होती आणि २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांपासून परवानगी दिली. कंपनीची परवानगी म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे.

५. एकच चष्मा अनेकांनी वापरला तर घाम आणि डोळ्यांचा संसर्ग पसरतो. डोळे आले असतील तर वापरू नये. प्रत्येक वापरानंतर कडा पुसाव्यात.

६. आजूबाजूला मोकळी जागा हवी. एका खोलीच्या घरात चष्मा लावून हात फिरवला तर भिंत, शेगडी किंवा घरातले बाळ यांना धक्का लागेल. उभे राहून वापरायचा असेल तर तो समाजमंदिरात किंवा शाळेच्या मोकळ्या खोलीत, एकजण सोबत ठेवून वापरावा.

७. चष्मा आपली माहिती गोळा करतो. स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेने २०२० साली ५११ लोकांच्या डोक्याच्या व हातांच्या हालचाली तपासल्या. प्रत्येकाच्या ५ मिनिटांपेक्षा कमी नोंदीवरून संगणकाने त्यांना ९५ टक्के अचूकतेने ओळखले. म्हणजे नाव न देताही माणूस ओळखता येतो. त्यामुळे मुलाला कुठे अशा यंत्रावर तपासले तर पालकांनी विचारावे, की ही माहिती कुणाकडे राहणार? निवड करताना ती त्याच्याविरुद्ध वापरली जाणार का? मन शांत करण्यासाठी दिलेले यंत्र कुणाला वगळण्याचे साधन होता कामा नये. हा प्रश्न विचारणे हा खेळाडूचा आणि पालकांचा हक्क आहे.

८. कर्ज काढून चष्मा घेऊ नये. चांगला चष्मा हजारो रुपयांचा असतो आणि त्यावरचे कार्यक्रम वेगळे विकत घ्यावे लागतात. चष्मा दाखवून भरमसाट फी मागणाऱ्या शिकवणीपासून सावध राहावे. त्या पैशात चांगले बूट, पुरेसा आहार आणि स्पर्धेचा प्रवासखर्च आधी भागवावा.

यंत्राशिवाय तोच सराव

२००१ साली पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स या ब्रिटिश अभ्यासकांनी मनातला सराव कसा करावा, याची एक पद्धत मांडली. तिचा गाभा सोपा आहे. मनातला सराव खऱ्या प्रसंगाच्या जितका जवळ जाईल तितका उपयोगी. डोळे मिटून नुसते "मी जिंकलो" असे म्हणणे हा सराव नव्हे. कपडे, जागा, वेळ, भावना हे सारे त्यात यायला हवे. चष्मा हेच काम यंत्राने करतो. ते आपण पुढीलप्रमाणे करू शकतो.

आपल्या वस्तीतील अनेक तरुण पोलीस भरतीची तयारी करतात. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धाव असते, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. वर्षभर तयारी करून त्या एका सकाळी पोटात गोळा येतो. त्यांच्यासाठी उदाहरण देत आहोत. कबड्डी, बॉक्सिंग, क्रिकेट खेळणाऱ्यांनी आपापला प्रसंग घ्यावा.

पहिली पायरी : शक्य असेल तर चाचणीचे मैदान आधी जाऊन पाहा. धाव जिथून सुरू होते तिथे उभे राहून डोळ्यांच्या उंचीवर मोबाईल धरा आणि चारही बाजूंचे साधे चित्रण करा. मैदानाला फेरी मारतानाही चित्रण करा. तिथे जाता आले नाही तर तशाच एखाद्या मैदानाचे करा.

दुसरी पायरी : घरी चाचणीचे बूट आणि कपडे घालून उभे राहा. चित्रण एकदा पाहा, मग डोळे मिटा.

तिसरी पायरी : आधी ५ मिनिटे श्वास. ४ आकडे मोजत आत, ६ आकडे मोजत बाहेर. घाई नको. चक्कर आल्यासारखे वाटले तर मोजणे सोडून साधा श्वास घ्या.

चौथी पायरी : आता धाव मनात सुरू करा, आपल्याच डोळ्यांतून दिसते तशी. छातीवरचा क्रमांक, रांगेतली मुले, शिट्टी, पहिली पावले, पायाखालची माती. मनातली धाव खऱ्या धावेइतक्याच वेळात पूर्ण करा. घाईघाईने संपवू नका.

पाचवी पायरी : एक अडचण घाला. कुणाचा धक्का लागला, बुटाची नाडी सुटली, शेवटच्या फेरीत दम लागला. त्या वेळी तुम्ही काय कराल तेही पाहा. सावरून पुन्हा लय पकडा आणि धाव पूर्ण करा.

सहावी पायरी : डोळे उघडा आणि वहीत दोन ओळी लिहा. कुठे भीती वाटली? काय केल्यावर ती कमी झाली?

सर्व मिळून १५ मिनिटे पुरतात. आठवड्यातून तीन-चार वेळा करावे. आठवड्यातून एकदा मित्रमैत्रिणींना जमवून खोटी चाचणी घ्यावी. एकाने शिट्टी वाजवावी, एकाने वेळ मोजावी, बाकीच्यांनी मुद्दाम गोंगाट करावा. बिंद्रा यांच्या लग्नाच्या हॉलचे हे आपले रूप. मैदानावरचा सराव मात्र यामुळे कमी करू नये. मनातला सराव ही त्याची जोड आहे.

घरात कुणाकडे साधा पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा असेल, तर त्यात मोबाईल घालून चारही बाजूंचे चित्रण पाहता येते. असा पुठ्ठ्याचा चष्मा गुगलने २०१४ साली आणला होता. डोके वळवून आजूबाजूला पाहण्यापुरता तो ठीक आहे. वरील सूचना त्यालाही लागू आहेत.

घरच्यांनी काय करावे

मुलगा किंवा मुलगी खेळून आली की पहिला प्रश्न "जिंकलीस का?" असा नसावा. "आज खेळताना कसं वाटलं?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. पदक मिळाले तरच घरात मान, हे मुलाच्या मनात बसले तर प्रत्येक सामना त्याच्यासाठी परीक्षा होतो. सामन्याच्या आठवड्यात झोप पुरेशी होईल असे पाहावे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल आणि घरात मोठ्याने टीव्ही टाळावा. मुलींना सरावाला जाण्या-येण्याची सुरक्षित सोबत आणि पाळीच्या दिवसांत मोकळेपणे बोलण्याची मुभा हवी. दुखापत झालेल्या खेळाडूला मैदानावर न्यावे. गुण मोजणे, लहान मुलांना शिकवणे असे काम द्यावे. त्याचे नाते तुटू देऊ नये.

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर त्याला आळस समजू नये : झोप न लागणे किंवा सतत झोपून राहणे, जेवण सुटणे, आवडता खेळ नकोसा वाटणे, कारण नसताना रडू येणे किंवा चिडणे, दारू-गुटख्याकडे वळणे. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे किंवा स्वतःला इजा करणे दिसले तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचारतज्ज्ञांचा विभाग असतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही. गुडघा दुखला तर आपण दवाखान्यात जातोच.

थोडक्यात सांगायचे तर, चष्मा खेळाडूला अनोळखी प्रसंगाची ओळख करून देतो, दुखापतीत सराव चालू ठेवतो, दडपणाची सवय लावतो. संधी मिळाली तर आपल्या मुलांनी तो जरूर वापरावा. शाळा, क्रीडा संकुल किंवा महाविद्यालयात असे साधन असेल तर ते आमच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, अशी मागणी पालकांनी करावी. पण त्याची वाट पाहत बसू नये. आज संध्याकाळी बूट घालून, डोळे मिटून, श्वास मोजून १५ मिनिटांचा सराव सुरू करता येतो. त्यानंतर घरातल्या कुणी तरी शेजारी बसून विचारावे, "काय दिसलं रे तुला?" आणि तो सांगेल ते ऐकावे.